वाद्य लांबून शिकायचंय: लाइव्ह क्लास, रेकॉर्डेड कोर्स की रेकॉर्डिंग पाठवून?

ऑनलाइन वाद्य शिकावं का असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, कुठलं वाद्य, आणि ते आजवर कधी हातात धरलंय का. कारण ऑनलाइनमधेही प्रकार आहेत. एक म्हणजे ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर सर किंवा मॅडम समोर. दुसरा, विकत घेतलेला रेकॉर्डेड कोर्स किंवा अ‍ॅप. आणि तिसरा, ज्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, तो म्हणजे आपण घरी वाजवून रेकॉर्ड करायचं, फाइल पाठवून द्यायची आणि शिकवणारा ती सवडीने ऐकून काय चुकतंय ते सांगतो. लोक पहिल्या दोघांतच तुलना करत बसतात. माझं मत विचाराल तर तिसरा जोडीला नसेल तर पहिल्या दोघांचाही अर्धाच फायदा होतो.

लाइव्ह क्लासपासून सुरू करू. त्याचं मोठं दुखणं म्हणजे उशीर. साध्या व्हिडिओ कॉलवर आवाज एका बाजूने पोचायला साधारण १०० ते २०० मिलिसेकंद सहज लागतात, बोलताना ते जाणवतही नाही, पण एकत्र वाजवताना २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की लय ओढल्यासारखी वाटायला लागते. हिशोबच करा ना, सर तिकडून तीनतालाचा लेहरा (तबल्याच्या साथीला पुन्हा पुन्हा वाजणारी ठरलेली धून) वाजवतायत, लय मिनिटाला १०० मात्रा, म्हणजे एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची. लेहरा तुमच्याकडे यायला १५०, तुमचा तबला परत जायला १५०, झाले ३००. तुम्ही समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अगदी बरोबर आलात तरी तिकडे तुम्ही अर्धी मात्रा मागे! यात तुमचीही चूक नाही आणि त्यांचीही. उपाय एकच, लेहरा किंवा मेट्रोनोम (टकटक करून लय देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) नेहमी शिकणाऱ्याच्या खोलीत लावायचा, तोही कॉल चालू असलेल्या फोनवर नको, दुसऱ्या फोनवर. म्हणजे लेहरा आणि वाजवणं दोन्ही एकदमच निघतं आणि एकदमच पोचतं. जॅमुलस, जॅकट्रिप अशी कमी उशिराची सॉफ्टवेअर्स आहेत, पण त्याला वायरचं नेट, ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) वगैरे दोन्हीकडे लागतं, नवशिक्याने त्या भानगडीत पडू नये. आणि हो, ब्लूटूथ हेडफोन लावू नका, त्यांचा स्वतःचा उशीर वेगळा असतो, साधे वायरचे इअरफोन बरे.

दुसरं दुखणं जास्त छुपं आहे. व्हिडिओ कॉलची अ‍ॅप्स माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असतात, त्यामुळे जे सतत एकसारखं वाजतंय ते पंख्याच्या आवाजासारखं समजून कापून टाकतात. तानपुरा लावला की दोनचार सेकंदांत तो तिकडे गायब, बासरीवर लांब धरलेला सा मधेच विरून जातो, शिवाय हळू वाजवलेलं आणि जोरात वाजवलेलं दोन्ही एकाच लेव्हलला येतं. तबल्यावर ‘ना’ वाजवताना तर्जनी किनारीवर, म्हणजे पुडीच्या कडेवर, पडते आणि अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकीशी टेकलेली असते. ती जरा जास्त दाबली की नाद बसतो, आवाज ठोकल्यासारखा येतो. आता कॉलवर तो नाद अ‍ॅपनेही कापलेला असतो, म्हणजे सरांना ठोकल्यासारखा आवाज आला तर दोष बोटाचा की अ‍ॅपचा हे कळणार कसं? समोरासमोर असते तर त्यांनी नुसतं तुमचं बोट उचलून दाखवलं असतं. डग्ग्याची, म्हणजे डाव्या हाताच्या मोठ्या तबल्याची, तर अजूनच पंचाईत, फोनच्या छोट्या स्पीकरमधून खालचा आवाज येतच नाही, ‘घे’ची मींड (आवाज घसरत वरखाली नेणं) ऐकायची तर हेडफोन हवेतच. झूममधे ओरिजिनल साउंड म्हणून सेटिंग आहे, ते चालू केलं की निम्मा त्रास जातो, बाकी अ‍ॅप्समधे नॉइज कॅन्सलेशन बंद करायचं. महागडा माइक घेण्याआधी हे करा.

मग लाइव्ह क्लास घ्यायचाच कशाला? कारण तिथे कुणीतरी बघत असतं. गिटारवर डाव्या हाताचा अंगठा गिटारच्या दांडीच्या वरून डोकावतोय, मनगट मुडपलंय, व्हायोलिनचा बो घोडीला (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीला) समांतर राहायच्या ऐवजी तिरका सरकतोय, खांदा वर चढलाय, हे तुम्हाला स्वतःला दिसत नाही आणि कोर्समधल्या व्हिडिओला तर तुम्ही दिसतच नाही. पुढे जाऊन हीच सवय दुखण्यात जाते आणि ती मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. फक्त कॅमेरा कुठे ठेवलाय यावर सगळं आहे. कीबोर्डला वरून किंवा बाजूने, व्हायोलिनला समोरून थोडं तिरकं, तबल्याला वरून, चेहरा नाही दिसला तरी चालेल. फास्ट वाजवण्याचा मात्र व्हिडिओवर भरवसा ठेवू नका. मात्रा मिनिटाला २४० आणि मात्रेला चार बोल म्हटले तर सेकंदाला १६ बोल होतात, कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम घेतो, म्हणजे एका बोलाला जेमतेम दोन फ्रेम, त्यात कॉल अडकला की बोटं म्हणजे नुसता धुरळा.

रेकॉर्डेड कोर्सचं कौतुक मी थोडक्यात करतो कारण त्याचे फायदे सगळ्यांना माहीतच आहेत, हवं तेव्हा बघा, पन्नास वेळा बघा, अर्ध्या स्पीडला बघा (सूर तोच राहतो, हे फार सोयीचं). आधीपासून एखादं वाद्य येत असेल, सूर-ताल कानात पक्का असेल आणि आता दुसरं वाद्य हाताळून बघायचं असेल तर कोर्स पुरेसा आहे. कोरी पाटी असेल तर नाही. माइकवरून ऐकणारी अ‍ॅप्स आहेत, योग्य सूर योग्य वेळी लागला का हे ती बऱ्यापैकी पकडतात, कीबोर्ड मिडी केबलने (कुठली पट्टी कधी दाबली हे थेट कळवणाऱ्या केबलने) जोडला तर फारच अचूक. पण स्वर बरोबर लागला म्हणून हिरवा टिक देणाऱ्या अ‍ॅपला तुमचं मनगट कसं होतं ते कळत नाही. आणि दुसरी गोष्ट, कोर्समधे पुढचा धडा नेहमी उघडा असतो, त्यामुळे माणूस कच्चं सोडून पुढे पळतो. पुढच्या धड्याला अडवणारं कुणी नाही.

आता तिसरा प्रकार, माझा लाडका. यात उशिराचा प्रश्नच येत नाही आणि कॉलवाली कापाकापीही होत नाही, फोनचा साधा कॅमेरा जे रेकॉर्ड करतो ते कॉलपेक्षा कितीतरी स्वच्छ असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हॉइस नोट नको, फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती दाबली जात नाही. शिकवणारा मग लिहितो, एक मिनिट बारा सेकंदाला तिहाईत (तीनदा वाजवून समेवर यायच्या तुकड्यात) घाई झाली, किंवा अंतऱ्यात वरचा सा चढा लागलाय. तुम्ही ती जागा पुन्हा ऐकता आणि खरंच ऐकू येतं. शिवाय पाठवण्यालायक एक टेक मिळावा म्हणून माणूस तोच तुकडा आठदहा वेळा वाजवतो, रियाझ आपोआप होतो. तोटा एवढाच की उत्तर यायला वेळ लागतो आणि सुरुवातीचा हात बसवायला हे उपयोगाचं नाही.

मग निवडायचं कसं. कीबोर्ड, हार्मोनियम, गिटार असेल तर थेट ऑनलाइन लाइव्हने सुरू करायला हरकत नाही, कारण सूर जागच्या जागी ठरलेला असतो, गिटार ट्यूनरने लावून घेतली की झालं. व्हायोलिन, बासरी, तबला, सरोद असेल आणि जाण्यासारखं कुणी असेल तर पहिले काही महिने समोर बसूनच शिका, हात आणि फुंक बसली की मग ऑनलाइन या. तशी सोय नसेल तर लाइव्ह क्लास छोटे घ्या पण आठवड्यातून दोनदा. लहान मुलांना नुसता कोर्स लावून देऊ नका, लाइव्हच, वीस-तीस मिनिटांचा, आणि फोनचा अँगल बदलायला घरातलं कुणीतरी शेजारी. नोकरी सांभाळून जुनं वाद्य पुन्हा काढणाऱ्यांनी महिन्यातून एक-दोन लाइव्ह आणि मधे दर आठवड्याला रेकॉर्डिंग, एवढं केलं तरी खूप.

परीक्षा द्यायची असेल तर आधी त्या बोर्डाचा नियम बघा. एबीआरएसएम या ब्रिटनच्या संगीत परीक्षा बोर्डाच्या २०२० पासूनच्या परफॉर्मन्स ग्रेडमधे चार रचना मधे न थांबता एकाच रेकॉर्डिंगमधे वाजवून पाठवायच्या असतात, तिथे टेक देण्याची सवय थेट कामाला येते.

ट्रायल क्लासला शिकवणाऱ्याची डिग्री विचारण्यापेक्षा एक गोष्ट बघा, पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी तुम्हाला कॅमेरा हलवायला सांगितलं का. नसेल सांगितलं तर ते तुमचा हात बघतच नाहीयेत. आणि सरळ विचारा, मधल्या दिवसांत रेकॉर्डिंग पाठवलं तर ऐकाल का, त्याचे वेगळे पैसे का. नाही म्हणाले तर दुसरा ट्रायल बुक करा.