आमच्या नोडमधील नागरी आरोग्य केंद्र: आठ महिन्यांचा अनुभव

बाळ दीड महिन्याचे असताना, गेल्या नोव्हेंबरमध्ये, आम्ही कोल्हापूरहून नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पश्चिमेकडील एका नोडमध्ये, म्हणजे शहराच्या एका नियोजित भागात, राहायला आलो. घरात आम्ही दोघे, बाळ आणि मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या सासूबाई. ओळखीचा एकही डॉक्टर नव्हता आणि बाळाच्या लसी तोंडावर आल्या होत्या. महानगरपालिकेच्या ज्या नागरी आरोग्य केंद्रात आम्ही नंतर नियमित जाऊ लागलो, तिथली सेवा मनापासून शिफारस करावी अशी आहे. पण ती सेवा तिथे मिळते हे कळायलाच आम्हाला जवळजवळ महिना लागला.

पहिल्या लसी आम्ही घाईघाईत एका खासगी रुग्णालयात दिल्या. एका भेटीचे बिल पाच हजारांच्या पुढे गेले आणि ‘सरकारी लसीने ताप येतो, आमची बिनत्रासाची आहे’ एवढेच स्पष्टीकरण काउंटरवर मिळाले. त्यानंतर पालिकेची सेवा शोधायला निघालो, तर आधी मोठ्या रुग्णालयात रांग लावली. तिथून ‘तुमच्या भागाच्या केंद्रात जा’ असे सांगून पाठवले. केंद्रात पोहोचलो तो लसीकरणाचा वार नव्हता. फाटकावर केंद्राचे नाव ठळक होते, परंतु कोणत्या वारी काय मिळते याचा कागद आत, केसपेपरच्या खिडकीमागच्या भिंतीवर चिकटवलेला होता. दीड-दोन महिन्यांचे मूल कडेवर घेऊन आलेल्या बाईला तो दिसणार कसा? दूरध्वनी लावून पाहिला, तो उचलला गेला नाही.

शेवटी वाट दाखवली ती घरोघरी सर्वेक्षणाला आलेल्या आशाताईंनी. त्यांनी वहीत बाळाची जन्मतारीख लिहून घेतली, खासगी रुग्णालयातले कार्ड पाहिले आणि पुढच्या लसीचा वार व वेळ सांगून ‘वहिनी, येताना हे कार्ड विसरू नका’ असे बजावले. बाळ 3, 6 आणि 9 महिन्यांचे झाले तेव्हा त्या स्वतःहून घरी येऊन गेल्या. 12 आणि 15 महिन्यांनाही येणार आहेत. वजन, वरचे खाणे, हात धुणे हे सारे त्या विचारतात, आणि सासूबाईंशी घुटीवरून झालेला वादही त्यांनी सासूबाईंचा मान राखून मिटवला. कुटुंबाला आरोग्याचा सल्ला कुठे मिळतो, या प्रश्नाचे माझ्यापुरते पहिले उत्तर आशाताई हेच आहे.

लसीकरणाच्या खोलीत जे पाहिले ते सविस्तर सांगावेसे वाटते, कारण सरकारी लसीविषयीची शंका माझ्याही मनात होती. मी विचारल्यावर सिस्टरनी पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच रोगांविरुद्धच्या एकत्रित लसीची, बाटली माझ्यासमोर धरली. तिच्या लेबलवर एक जांभळट गोल आणि त्याच्या आत एक फिका चौकोन होता. बाटलीला उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो आणि तो गोलाइतका गडद झाला की ती बाटली वापरायची नाही, हे त्यांनी बोट ठेवून दाखवले. जूनअखेरीस गोवर-रुबेलाची लस दिली, तेव्हा पावडरमध्ये द्रावण मिसळल्याबरोबर त्यांनी बाटलीवर वेळ लिहिली, 10.40. ही लस मिसळल्यापासून चार तासांच्या आतच वापरावी लागते.

तापाविषयी तिथल्या डॉक्टरबाईंनी दिलेले उत्तर मला पटले. सरकारी पेंटाव्हॅलंटमध्ये डांग्या खोकल्याचा संपूर्ण जंतू मृत स्वरूपात असतो, तर महाग लसीत त्याचे निवडक घटक असतात. म्हणून पहिलीने ताप व सूज अधिक येते, पण तिचे संरक्षण कमी नसते. बाळाच्या वजनानुसार पॅरासिटामॉल किती द्यायचे ते त्यांनी कागदावर लिहून दिले आणि मांडीवर शेक किंवा लेप काहीही लावू नका, असे सांगितले. प्रत्येक वेळी सिस्टर चार गोष्टी सांगतात: कोणती लस दिली व ती कशासाठी, त्रास झाला तर काय करायचे, पुढे कधी यायचे आणि कार्ड जपून ठेवायचे. या साऱ्याचा एक रुपयाही लागला नाही. लस दिल्यानंतर अर्धा तास थांबवतात, पण बसायला जागा अपुरी असल्यामुळे निम्म्या आया जिन्याच्या पायऱ्यांवर बसतात. पालिकेने ही अडचण दूर करायलाच हवी.

एप्रिलच्या उकाड्यात बाळाला जुलाब लागले. केंद्रातून ओआरएसची पाकिटे आणि जस्ताच्या गोळ्या मिळाल्या. एक पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून ते पाणी 24 तासांत संपवायचे, उरले तर टाकून द्यायचे. आणि सहा महिन्यांवरील बाळाला जस्ताची 20 मिलिग्रॅमची गोळी रोज एक याप्रमाणे जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण द्यायची. अंगावरचे दूध बंद करायचे नाही. डोळे खोल गेले, बाळ मलूल झाले, पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर केंद्राच्या वेळेची वाट न पाहता थेट पालिकेच्या रुग्णालयात न्यायचे. वाशी, नेरूळ आणि ऐरोली येथे ती आहेत. रात्री-अपरात्री 108 वर रुग्णवाहिका मागवता येते. ही वाक्ये मी स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दाराला आतून चिकटवून ठेवली आहेत.

सासूबाईंचा अनुभव इतका चांगला नाही. साखर व रक्तदाब तपासणी वेळेवर होते, महिन्याच्या गोळ्याही मिळतात, पण दोन वेळा रक्तदाबाची गोळी संपलेली होती आणि ती कधी येईल हे कोणी सांगू शकले नाही. ज्येष्ठांना पुन्हा हेलपाटा घालावा लागतो, हे योग्य नाही.

एक आठवण मात्र नोंदवायलाच हवी. जानेवारीत, 14 आठवड्यांच्या लसीच्या दिवशी, बाळाचे सगळे विचारून झाल्यावर सिस्टरनी मला विचारले, ‘आणि तुमची झोप होते का?’ तोवर मला कोणी हे विचारले नव्हते. मी रडू लागले, तेव्हा त्यांनी रांग थांबवून मला शेजारच्या खोलीत बसवले आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक कार्डाच्या मागे लिहून दिला. मराठीत बोलता येते आणि फोन मोफत असतो.

गेल्या भेटीत मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी विनंती केली, की वारांचा तो कागद मोठ्या अक्षरांत फाटकाबाहेर लावावा. त्यांनी अर्ज घेतला, पोच दिली. कागद अजून आतच आहे. तोपर्यंत आशाताईंकडून वार आणि वेळ पुन्हा तपासून घेऊन मी ते आमच्या सोसायटीच्या फलकावर, लिफ्टच्या शेजारी लिहिले आहेत. गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूंची सून तो फलक वाचून माझ्याबरोबर केंद्रात आली.