ब्रेक-बॅरल एअर रायफल: सरावाला छान, चाप मात्र जड

लेकीला नेमबाजीची गोडी लागली म्हणून ठाण्यातल्या एका दुकानातून ४.५ मिमीची ब्रेक-बॅरल एअर रायफल घेतली. सुरुवातीच्या सरावासाठी अगदी पैसा वसूल.

नळी खाली दुमडली की आतली स्प्रिंग दाबली जाते आणि नळीचं मागचं तोंड उघडं पडतं. छर्रा तिथे अंगठ्याने दाबून कडेशी सपाट बसवायचा. जरा वर राहिला तर नळी मिटताना चेपतो, मग नेम गेलाच म्हणून समजा. हे करताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरलेली हवीच. निसटली तर बोटं चिरडतील. लेकीला ही ओढ झेपत नाही, त्यामुळे भरून मीच देतो.

स्प्रिंगचा हिसका पुढे-मागे दोन्हीकडे बसतो. आवळून धरली की छर्रे विखुरतात. उघड्या तळव्यावर नुसती टेकवली तर १० मीटरवर भोकं एकमेकांत मिसळतात. कागदी टार्गेटला चपट्या तोंडाचेच छर्रे घ्या, भोक स्वच्छ पडतं. चाप मात्र जड आणि खरखरीत आहे, सुटतो कधी ते कळत नाही. शिकणाऱ्यासाठी ही मोठी उणीव.

येऊरला पाखरं टिपायचा विचार असेल तर घेऊच नका. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. आणि छर्रा न भरता चाप ओढू नका, पिस्टन आदळून सील खराब होतं.