काळे ऑक्सफर्ड बूट आणि त्यांची निगा: दहा महिन्यांनंतर

मी वकील आहे. डोंबिवली ते सीएसएमटी रोज लोकलने जातो, त्यामुळे गर्दीत बुटांवर पाय पडणं ठरलेलंच. आधीचा जोड दीड वर्षात गेला. तळ शाबूत होता, पण बोटांच्या मागे बूट जिथे दुमडतो तिथे आडवी चीर पडली. मी रोज सकाळी स्पंजवाली लिक्विड पॉलिश फासून निघायचो. लगेच चकाकी यायची, पण त्या पॉलिशचा पापुद्रा थरावर थर चढत गेला आणि आतलं कातडं कोरडं पडत राहिलं, हे चीर पडल्यावर समजलं.

म्हणून जानेवारीत नवा जोड घेताना निगेचं सामानही घेतलं: साफिर ब्रँडच्या काळ्या बूट-क्रीमची बरणी, घोड्याच्या केसांचा ब्रश आणि बुटात घालून ठेवायचे सीडरचे लाकडी साचे. आता नोव्हेंबर आहे.

सगळ्यात जास्त उपयोग ब्रशचा झाला. घरी आल्यावर एकेका बुटावर अर्धा मिनिट फिरवला की धूळ निघते आणि आधीच्या क्रीमची चमक वर येते. धूळ तशीच ठेवून वर क्रीम लावलं, तर तीच कातड्यावर घासली जाते. पहिला आठवडाभर ब्रशचे केस गळले, नंतर थांबले.

क्रीम दोन-तीन आठवड्यांतून एकदा. एका बुटाला वाटाण्याएवढं पुरतं, जास्त लावलं तर चिकट राहतं. जुन्या बनियनचं फडकं बोटाला गुंडाळायचं, लहान लहान गोल फिरवत क्रीम जिरवायचं, दहा मिनिटं थांबून ब्रश मारायचा. दुमडीच्या जागी बोटाला फरक कळतो: लावण्याआधी कातडं कागदासारखं लागतं, नंतर ओठासारखं मऊ. नाडी आधी काढा, नाहीतर नाडीखालची चामड्याची जीभ कोरडीच राहते. क्रीममधल्या टर्पेंटाइनचा वास उग्र आहे, खिडकी उघडी ठेवा.

डबीतलं घट्ट मेणाचं पॉलिश मी टाकून दिलं नाही, पण ते फक्त बुटाच्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, आणि टाचेवर लावतो. चकाकीच्या पॉलिशमध्ये बहुधा कारनौबा मेण असतं. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळणारं हे मेण 80 अंशांच्या वर तापल्याशिवाय वितळत नाही, इतकं कडक. नाक आणि टाच आतून ताठ असतात, तिथे ते टिकतं. दुमडीवर मात्र त्याला तडे जातात.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. जुलैत एकदा स्टेशनबाहेर घोटाभर पाण्यातून कोर्टात जावं लागलं आणि दिवसभर तेच बूट पायात होते. घरी येऊन ओल्या फडक्याने चिखल पुसला, नाड्या काढल्या, आत वर्तमानपत्र कोंबलं. अर्ध्या तासात कागद लगदा झाला, तो बदलला, झोपेपर्यंत आणखी दोनदा. बूट आडवे ठेवले, म्हणजे चामडी तळालाही हवा लागते. नुसता पंखा. हेअर ड्रायर नाही, ऊन नाही, कारण झटकन वाळलेलं कातडं आकसतं आणि तडकतं. दोन दिवसांनी साचे घातले, तिसऱ्या दिवशी क्रीम. डाग राहिला नाही.

गणपतीत मात्र चूक झाली. आठवडाभर गावी गेलो आणि बूट बंद कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आलो तर जिभेवर आणि आतल्या अस्तरावर पांढरी बुरशी. ते पाहून पोटात गोळा आला. गॅलरीत नेऊन आधी कोरड्या फडक्याने पुसलं, मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारखंच घेऊन त्यात पिळलेल्या फडक्याने. पूर्ण वाळू दिलं आणि मग क्रीम. बुरशी परत आली नाही, पण आता बूट उघड्या रॅकवरच राहतात.

साच्यांबद्दल: माप नीट बघून घ्या. पहिला जोड एक नंबर मोठा आला, टाच ताणली जाऊ लागली. परत पाठवताना विक्रेत्याने महिनाभर फिरवलं. योग्य मापाचे घातल्यापासून सुरकुत्या रात्रीत सपाट होतात आणि घामाची ओल लाकूड शोषतं. तरी बुटांचा एकच जोड रोज घालू नका, एक दिवस आड द्या. बजेट कमी असेल तर ब्रश आणि क्रीम आधी घ्या, तोवर कागद चालतो.

परवा टाचेचं रबर बदलायला स्टेशनजवळच्या चांभारकाकांकडे गेलो. त्यांनी दुमडीवर अंगठा दाबला, बूट उलटा करून शिवण पाहिली आणि म्हणाले, "साहेब, वरचं कातडं नव्यासारखं आहे. तळ झिजला की टाकू नका, माझ्याकडे आणा, नवा शिवून देतो."