किचनर-वॉटर्लूहून विमान धरायचं, पण कुठून?

कॅनडातल्या ओंटारिओमधल्या किचनर-वॉटर्लू या जोडशहरांत नव्याने आलेला मराठी माणूस वर्षभरात एकदा तरी हा प्रश्न विचारतोच : "पश्चिमेला कॅलगरीला जायचंय, तिथून डोंगरातलं बँफ बघायचंय. वॉटर्लूहून तिकीट स्वस्त दिसतंय, काढू का?" इतक्या जणांना उत्तर देऊन झालंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

मी आधी उलट विचारतो : हे विमान रद्द झालं तर तिथून पुढचं कधी? भाडं, पार्किंग, पेट्रोल यांचा हिशेब सगळेच करतात. हा मात्र कोणी करत नाही, आणि महागात पडतो तो हाच.

आपल्या टप्प्यात चार विमानतळ आहेत : टोरोंटो पिअर्सन, वॉटर्लू, हॅमिल्टन आणि टोरोंटोच्या बेटावरचा बिली बिशप. चारही ठिकाणी प्रवासीवाढीच्या बातम्या येत असतात. पण पायाच लहान असेल तर नव्या एका विमानानेही टक्केवारी फुगते. त्यामुळे वाढ किती यापेक्षा ती किती कंपन्यांच्या जिवावर आहे, ते बघा.

पिअर्सनवर २०१९ मध्ये ५ कोटी ५ लाख प्रवासी होते. कोरोनात, २०२० साली, ते १ कोटी ३३ लाखांवर आले आणि २०२४ मध्ये ४ कोटी ६८ लाखांपर्यंत पोचले. मधला २०२२ चा उन्हाळा इथल्या लोकांच्या चांगलाच लक्षात आहे. प्रवासी परतले, पण कामावरची माणसं तेवढ्या वेगाने परतली नाहीत. बॅगांचे ढीग लागले, आत इमिग्रेशनला जागा नाही म्हणून उतरलेली विमानं भरलेलीच उभी राहिली, आणि शेवटी विमानतळाला गर्दीच्या तासांतली उड्डाणं मर्यादित करावी लागली. आता परिस्थिती बरीच सुधारली आहे, तरी डिसेंबरात रांग ही असतेच. किचनरहून हायवे ४०१ ने तासाभराचा रस्ता. ४०१ च्या मनात आलं तर दोन तास. गाडी नको असेल तर किचनरची गो ट्रेन (प्रादेशिक रेल्वे) घेऊन वेस्टन किंवा ब्लूर स्टेशनला पिअर्सनला जाणाऱ्या यूपी एक्स्प्रेस गाडीत बदलता येतं.

पण पिअर्सनचा जो दोष तोच त्याचा गुण. पाच धावपट्ट्या आहेत आणि विमानांवरचा बर्फ काढायचं केंद्र जगातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. मुख्य म्हणजे एअर कॅनडा, वेस्टजेट, पोर्टर, फ्लेअर या चौघांचीही कॅलगरीची विमानं इथून सुटताना मी पाहिली आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत लिंक्स एअर ही स्वस्त भाड्याची कंपनी अचानक बंद पडली, तेव्हा तिच्या प्रवाशांचे हाल झालेच; पण पिअर्सनवर निदान शेजारच्या काउंटरवर दुसरं तिकीट विकत मिळत होतं.

वॉटर्लूचा विमानतळ ब्रेस्लाऊला, घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर. मालकी वॉटर्लू रीजनची (इथल्या स्थानिक सरकारची), म्हणजे तुमच्याआमच्या करातून चालणारा. २०२१ मध्ये फ्लेअरने इथे तळ केला, २०२२ मध्ये टर्मिनल वाढवलं, आणि वर्षानुवर्षं सुस्त पडलेली जागा जागी झाली. सुरक्षा तपासणी चहा गार व्हायच्या आत उरकते. मला हा विमानतळ मनापासून आवडतो, म्हणूनच सांगतो : ही सगळी वाढ मुख्यत्वे एकाच कंपनीची आहे. मार्च २०२३ मध्ये भाड्याच्या थकबाकीवरून फ्लेअरची चार विमानं मालकांनी जप्त केली, त्यातलं एक वॉटर्लूला उभं होतं. त्याआधी अमेरिकन एअरलाइन्सची शिकागोची सेवा २०१२ ला आली आणि २०१६ ला गेली. गावात एकच मुक्कामी एस.टी. येत असेल तर ती चुकल्यावर काय होतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

एकाच कंपनीवर विसंबण्याची ही गोष्ट हॅमिल्टनएवढी कुठेच उघडी दिसत नाही. २००० मध्ये वेस्टजेटने हॅमिल्टनला आपलं पूर्वेकडचं ठाणं केलं, प्रवासी दहा लाखांच्या घरात गेले. २००४ मध्ये वेस्टजेटने बहुतेक बिऱ्हाड पिअर्सनला हलवलं, आणि पुढच्या दहा वर्षांत प्रवासी तिसऱ्या हिश्श्यावर आले. २०१८ मध्ये वेस्टजेटच्याच स्वस्त भावंडाने, स्वूपने, पहिलं उड्डाण इथूनच केलं आणि आकडे पुन्हा चढले. २०१९ च्या वसंतात नॉर्वेजियन ही विमान कंपनी इथून डब्लिनला नेऊ लागली. अपघातांनंतर बोइंग ७३७ मॅक्स विमानांची उड्डाणं तेव्हा बंद होती, त्यात तीही सेवा सप्टेंबरात संपली. २०२३ मध्ये स्वूप वेस्टजेटमध्ये विलीन झाली. त्याच वर्षी आइसलँडची प्ले ही कंपनी आली, २०२५ मध्ये गेली. आणि २०२५ च्या जूनमध्ये पोर्टर आली. विमानतळ मात्र बंद पडला नाही, कारण त्याचं खरं पोट मालवाहतुकीवर भरतं. रात्रभर कार्गो विमानं उतरत असतात. तुम्ही ऑनलाइन मागवलेलं पार्सल बहुधा तुमच्याआधी हॅमिल्टन बघून आलेलं असतं.

तरी आजच्या घडीला हॅमिल्टन वॉटर्लूपेक्षा मला थोडं उजवं वाटतं. पोर्टरचं पिअर्सनवरही मोठं जाळं आहे, म्हणजे अडचण आली तर त्याच कंपनीला तासाभराच्या अंतरावरचा दुसरा पर्याय देता येतो. केंब्रिज किंवा ब्रँटफर्डला राहणाऱ्यांनी जरूर बघावं. गाडी नसेल तर विसरा.

बिली बिशप आपल्यासाठी क्वचितच. बेटावर जायला १२१ मीटरचा फेरीबोटीचा प्रवास किंवा २०१५ चा पादचारी बोगदा, धावपट्टी जेमतेम १२०० मीटर, आणि १९८३ च्या करारानुसार जेट विमानांना मनाई. टोरोंटो डाउनटाउनला मुक्काम असेल आणि ओटावा-माँट्रियलला कामाला जायचं असेल तर यासारखं सुख नाही. फक्त रात्रीचं शेवटचं विमान टाळा. अकराला दार बंद होतं, उशीर झाला तर तुम्ही भलतीकडेच उतरता.

आता विमान उशिरा आलं किंवा रद्द झालं तर काय, याचे कॅनडाचे नियम. मागच्या दोन्ही वर्षांत ज्या कंपनीने दरवर्षी २० लाखांवर प्रवासी नेले ती 'मोठी'. कंपनीच्या चुकीने तीन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला तर मोठ्या कंपनीला उशिराप्रमाणे ४००, ७०० किंवा १००० डॉलर द्यावे लागतात. छोटीला १२५, २५० किंवा ५००. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोठ्या कंपनीला ठरावीक तासांत स्वतःचं विमान देता आलं नाही तर प्रतिस्पर्ध्याच्या विमानात बसवून द्यावं लागतं. छोटीला ते बंधन नाही. तिकीट काढण्याआधी कंपनी कोणत्या गटात आहे तेवढं बघून घ्या.

मग काय करायचं? पाठीवर एक सॅक, वेळेची घाई नाही, असा विद्यार्थी असेल तर खुशाल वॉटर्लूहून जा. पण फ्लेअरच्या मूळ भाड्यात सीटखाली मावेल तेवढीच पिशवी धरलेली असते, मोठी बॅग धरून बेरीज करा. मुलाखत, परीक्षा, कोणाचं लग्न, तर पिअर्सन. भारताचं विमान पकडायचं असेल किंवा आई-बाबा येणार असतील तर पिअर्सनच, आणि पुढचा देशांतर्गत टप्पा त्याच तिकिटावर. स्वतंत्र तिकिटावर पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी ओळखही दाखवत नाही, आणि २३-२३ किलोच्या बॅगा घेऊन सत्तरीच्या माणसांनी काउंटर शोधत फिरायचं.

बँफसाठी मी स्वतः दोन एकेरी तिकिटं काढतो. देशांतर्गत भाडी एकेरीच विकली जातात, त्यामुळे भुर्दंड पडत नाही. जाताना पिअर्सन, कारण हॉटेलचं आरक्षण वाया जायला नको. येताना वॉटर्लू, कारण तेव्हा उशीर झाला तर फार तर एक दिवस रजा वाढते. गाडी घरीच ठेवा आणि पिअर्सनला सोडायला एखादा मित्र पटवा.