यारोस्लाव्हल की विंडसर? सतरा वर्षांच्या रशियन डिफेन्समनने कुठे वाढावं

पोरगा सतरा वर्षांचा, उंच, स्केटिंग चांगलं, आणि एनएचएलचे (उत्तर अमेरिकेतली सर्वांत वरची व्यावसायिक लीग) स्काउट त्याच्या नावापुढे खूण करायला लागलेत. (हॉकी अर्थातच बर्फावरची.) अशा वेळी रशियातल्या आईबापांपुढे आणि एजंटापुढे प्रश्न येतो की याला आत्ताच कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये पाठवायचं, की घरीच मोठ्या माणसांत खेळू द्यायचं. फॉरवर्ड असता तर हिशेब वेगळा होता. गोल करणारा पोरगा अठराव्या वर्षीही खपून जातो. डिफेन्समनला मात्र बाविशी-तेविशी उलटेपर्यंत कोणी तयार मानत नाही. त्यामुळे त्याला घाई करून मिळतं कमी, आणि थांबल्याने फारसं बिघडतही नाही. माझा कल आधीच सांगतो: घरी थांबावं, पण बर्फावर मिनिटं मिळत असतील तरच.

आधी विरुद्ध बाजू, कारण ती कच्ची नाही. मिखाईल सेर्गाचेव्ह निझ्नेकाम्स्कचा, कझानच्या ज्युनियर संघात खेळलेला. २०१५ मध्ये तो ओंटारिओच्या लीगमध्ये विंडसरला गेला, पहिल्याच हंगामात त्याने ६७ सामन्यांत ५७ गुण (गोल आणि गोलासाठी दिलेले पास मिळून) केले, लीगचा सर्वोत्तम डिफेन्समन ठरला आणि २०१६ च्या ड्राफ्टमध्ये (एनएचएलचे संघ तरुण खेळाडू पाळीपाळीने निवडतात, तो) मॉन्ट्रियलने त्याला नववा उचलला. इव्हान प्रोवोरोव्ह तर त्याहून लवकर निघाला. यारोस्लाव्हलचा हा मुलगा शाळकरी वयातच पेनसिल्व्हेनियात आला, पुढे कॅनडाच्या ज्युनियरमध्ये ब्रँडनकडून खेळला, २०१५ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला सातवा निवडला आणि एनएचएलच्या पहिल्या तिन्ही हंगामांत त्याने ८२ पैकी ८२ सामने खेळून दाखवले. दोघांनाही तिथे मिळाली ती एकच गोष्ट, जी घरी त्या वयात मिळाली नसती. पॉवर प्ले (समोरचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असतानाचा खेळ) त्यांच्या हातात होता, रोज पंचवीसेक मिनिटं बर्फ होता, आणि चूक झाली तरी पुढच्या शिफ्टला (बर्फावरच्या छोट्या पाळीला) प्रशिक्षक पुन्हा त्यांनाच पाठवत होता.

घरच्या बाजूची यादी कमी झगझगीत, पण लांब आहे. व्लादिस्लाव्ह गाव्रिकोव्ह २०१५ च्या ड्राफ्टमध्ये थेट १५९वा गेला. तो यारोस्लाव्हलला आणि मग सेंट पीटर्सबर्गच्या एसकेएमध्ये शांतपणे खेळत राहिला, २०१८ चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, २०१९ मध्ये तेविसाव्या वर्षी कोलंबसला आला आणि लगेच नियमित झाला. खाबारोव्स्कचा आर्त्योम झूब ड्राफ्टमध्ये कोणी घेतलाच नाही. २०२० मध्ये ओटावाने त्याला करार दिला आणि तो त्यांचा भरवशाचा माणूस झाला. अलेक्झांडर निकिशिनला कॅरोलायनाने २०२० मध्ये ६९वा निवडला, पण तो २०२५ पर्यंत आलाच नाही. तोवर तो एसकेएचा कर्णधार झाला होता आणि डिफेन्समन असून सलग दोन हंगाम पन्नासच्या वर गुण करत होता. थोडं मागे गेलं तर आंद्रेई मार्कोव्ह: १९९८ मध्ये १६२वा, मॉस्कोच्या डायनामोत दोन वर्षं आणखी, मग मॉन्ट्रियलकडून ९९० सामने. ही माणसं एनएचएलमध्ये शिकायला नाही, कामाला आली.

आता घरच्या वाटेचा खड्डा. केएचएल, म्हणजे रशियातली सर्वांत वरची लीग, तिथल्या प्रशिक्षकाची नोकरी निकालावर टिकते, म्हणून अठरा वर्षांच्या पोराला तो सातवा डिफेन्समन म्हणून यादीत घालतो आणि बाकावर बसवतो. व्लादिवोस्तोकपर्यंत सात टाइम झोन उडत जायचं आणि तीन शिफ्ट खेळून परत यायचं, याला विकास म्हणत नाहीत. दिमित्री सिमाशेव्हचं उदाहरण दोन्ही बाजूंनी वाचता येतं. ड्राफ्टच्या हंगामात यारोस्लाव्हलच्या लोकोमोटिव्हकडून केएचएलमध्ये १८ सामने, गुण शून्य. तरीही २०२३ मध्ये ॲरिझोनाने त्याला सहावा उचलला, कारण स्काउट गुण नाही, पाय आणि पोहोच बघत होते. तो यारोस्लाव्हलमध्येच थांबला, पुढे नियमित झाला, २०२५ मध्ये गागारिन चषक, म्हणजे केएचएलचं विजेतेपद, जिंकला आणि मगच युटाला गेला (ॲरिझोनाचा संघ तोवर तिथे हलला होता). तसं जमतं ते क्लब पोरावर विश्वास टाकणारा असेल तर. निझ्नी नोवगोरोदच्या तोर्पेदोने अंतोन सिलायेव्हवर टाकला. सहा फूट सात इंचांचा हा मुलगा २०२३-२४ मध्ये सतराव्या वर्षी केएचएलचे ६३ सामने खेळला, आणि ११ गुणांनी त्याने अठरा वर्षांखालच्या खेळाडूंचा लीगमधला विक्रम केला. न्यू जर्सी डेव्हिल्सने त्याला २०२४ मध्ये दहावा निवडला, म्हणजे एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींनाही हे नाव ओळखीचं असेल. पण असे प्रशिक्षक किती?

केएचएलमध्ये जागा नसेल तर घरी मधली पायरी आहे, हे बरेच जण विसरतात. खाली एमएचएल ही ज्युनियर लीग आणि मध्ये व्हीएचएल, जिथे तिशीतली, दात पडलेली, बोर्डावर (रिंकच्या कडेच्या फळ्यांवर) चेपायला न लाजणारी माणसं खेळतात. कॅनडाच्या ज्युनियरमध्ये समोरचा जास्तीत जास्त वीस-एकवीस वर्षांचा. डिफेन्समनला बोर्डावरची ताकद मोठ्या माणसांकडूनच शिकायला मिळते, म्हणून व्हीएचएलमधली वीस मिनिटं मला केएचएलमधल्या चार मिनिटांपेक्षा केव्हाही जास्त मोलाची वाटतात.

रिंकचा मुद्दा मात्र कॅनडाच्या पारड्यात. आंतरराष्ट्रीय रिंक परंपरेने ३० मीटर रुंद, एनएचएलची जेमतेम २६. म्हणजे प्रत्येक बाजूला दोन मीटर कमी. पक (चेंडूऐवजीची रबरी चकती) कोपऱ्यात टाकला गेला आहे, डिफेन्समन पाठमोरा होऊन तो आणायला धावतोय. रुंद रिंकवर त्याला मान वळवून बघायला, पक काठीवर घ्यायला आणि मग वळायला वेळ असतो. अरुंद रिंकवर पकला काठी लागते तोवर फोरचेकरचा, म्हणजे पकमागे धावून आलेल्या विरोधी खेळाडूचा, खांदा पाठीत बसलेला असतो. तिथे मान पकापर्यंत पोहोचण्याआधीच दोनदा वळलेली हवी, आणि पास कुठे द्यायचा ते आधी ठरलेलं हवं. रशियातही आता अनेक क्लबांनी रिंक अरुंद केल्या आहेत, त्यामुळे हा फरक पूर्वीइतका उरलेला नाही. आपल्या पोराच्या क्लबची रिंक किती रुंद आहे, एवढं विचारून घ्या.

कागदपत्रांत घर अनपेक्षितपणे जिंकतं. कॅनडाच्या ज्युनियरमधून ड्राफ्ट झालेल्या खेळाडूला वीस वर्षांचा होईपर्यंत सहसा एएचएलमध्ये (एनएचएलच्या खालची लीग) पाठवता येत नसे. आता हा नियम सैल होत असला तरी त्याचा फटका खरा आहे. सेर्गाचेव्हलाच २०१६ मध्ये मॉन्ट्रियलने मोजके सामने खेळवून विंडसरला परत पाठवलं, कारण मधली पायरी त्याला बंद होती. रशियातून थेट आलेल्याला ती उघडी असते. पैशाचंही तसंच. अठरा ते एकविशीत पहिला करार तीन वर्षांचा, बावीस-तेविशीत दोन वर्षांचा. उशिरा येणाऱ्या माणसाला आल्यापासून खऱ्या बाजारभावापर्यंत एक वर्ष कमी थांबावं लागतं, शिवाय तोवर केएचएलचा पगार घेतलेला असतो. ज्युनियरमध्ये मिळतो तो हातखर्च, आणि राहायला एखाद्या कुटुंबाकडची खोली.

पण घरच्या करारात अडकण्याची भीतीही तितकीच. एनएचएल आणि केएचएल यांच्यात खेळाडू सोडण्याचा करार नाही, आणि एकमेकांचे करार पाळण्याचा जो समझोता होता तोही मार्च २०२२ मध्ये एनएचएलने थांबवला. करार संपेपर्यंत किंवा क्लबने स्वतःहून सोडेपर्यंत वाट बघायची. वाढीव करारावर सही न करणाऱ्या पोराची मिनिटं अचानक आटतात, ही तक्रार रशियन हॉकीत नवी नाही. त्यात २०२२ पासून रशियन संघ जागतिक स्पर्धांबाहेर आहेत. पूर्वी अलेक्झांडर रोमानोव्हसारखा खेळाडू मॉस्कोच्या सीएसकेएत कमी मिनिटं मिळूनही २०१९ च्या जागतिक ज्युनियर स्पर्धेत सर्वोत्तम डिफेन्समन ठरून जगाला दिसायचा. आता ती खिडकी बंद आहे. कॅनडाच्या ज्युनियर लीगनेही २०२२ आणि २०२३ मध्ये रशियनांना परदेशी खेळाडूंच्या ड्राफ्टमधून वगळलं होतं, २०२४ मध्ये दार पुन्हा उघडलं. लष्करी सेवेचं प्रकरण इव्हान फेदोतोव्हच्या वेळी सगळ्यांनी पाहिलं: फिलाडेल्फियाशी करार केलेल्या या गोलरक्षकाला जुलै २०२२ मध्ये पकडून उत्तरेकडच्या तळावर पाठवलं. सक्तीच्या सेवेची वयोमर्यादा आता तीसपर्यंत आहे. घरच्यांनी हे क्लबला सही करण्याआधीच, स्पष्ट विचारावं.

तेव्हा पोरगा पक फिरवणारा, पॉवर प्लेवर जगणारा असेल आणि घरी त्याला पॉवर प्ले मिळणार नसेल, तर सतराव्या वर्षी कॅनडा. इंग्रजीची सोय आधी करा, बाकी तो शिकेल. अंगापिंडाने मोठा, स्वतःच्या ब्लू लाइनमागे (आपल्या गोलाकडच्या भागात) खेळणारा असेल तर घरी, व्हीएचएलची लाज न बाळगता, आणि विशी उलटल्यावर एकदा मिनिटं मोजून पुन्हा विचार. दोन्हींच्या मधला असेल तर मी क्लबच्या प्रशिक्षकाचे मागचे दोन हंगाम काढून बघेन: त्याच्याकडे वीस वर्षांखालचे किती डिफेन्समन रोज पंधरा मिनिटं खेळले? एकही नसेल तर त्याच्या आश्वासनावर तीन वर्षांचा करार करू नका. एक वर्षाचा मागा, आणि तो कोणत्या तारखेला संपतो ते एजंटाकडून नाही, कागदावरून वाचा.