बसून बघितली, दात नाही बघितले

जुनी मोटारसायकल घेताना मी ती नुसती बसून बघितली आणि तिथेच फसलो. वय त्रेसष्ट. अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून नोकरी संपवली आणि हातात वेळ आला, तसा जुना छंद डोक्यात घुसला: मोटारसायकलवर नर्मदा परिक्रमा. ओंकारेश्वरला संकल्प सोडायचा, मैया कायम उजव्या हाताला ठेवायची आणि सावकाश फिरून परत तिथेच यायचं. आमच्या मंडळींचीही तयारी होती. अट एकच, "पाठ मोडणारी गाडी नको."

माझ्याकडची शंभर सीसीची गाडी गावातल्या गावात ठीक. दोघं आणि सामान घेऊन धुळ्याच्या पुढे तिचा जीव निघतो. नव्या गाडीला दोन लाखांच्या वर घालायची ऐपत नव्हती असं नाही, पण वर्षातून दोन-तीन मोठ्या फेऱ्यांसाठी ते जिवावर येत होतं. म्हणून जुनी घ्यायचं ठरलं.

अभ्यास मी व्यवस्थित केला होता, हे आधी सांगतो. नाहीतर लोक म्हणतात, मास्तर भोळा होता. माझा डावा गुडघा दुखतो, आणि पाय उचलून उंच सीटवरून पलीकडे टाकायचा म्हणजे कसरत. त्यामुळे रॉयल एनफिल्डची हिमालयन बाद, जुन्या ४११ची सीटच ८०० मिलिमीटर उंच. अव्हेंजर क्रूझची ७३७, वजनही कमी, पण दोन माणसं, बॅगा आणि सातपुड्याचा चढ म्हटल्यावर मन मानेना. मीटिऑर (७६५) आवडली, पण ती २०२०च्या शेवटी बाजारात आलेली, म्हणून जुनीसुद्धा महाग. राहिली एनफिल्डचीच थंडरबर्ड ३५०. सीट ७७५ मिलिमीटर, वीस लिटरची टाकी, हँडल आपल्याकडे वळलेलं, बटण स्टार्ट. कंपनीने ती बंद केली असली तरी सुटे भाग मिळतात, आणि वळणदार टाकीचा मोह वेगळाच.

आता चूक. जळगावच्या एका कन्सल्टिंगवाल्याची, म्हणजे जुन्या गाड्या विकणाऱ्याची, जाहिरात व्हॉट्सॲपवर आली: "२०१८ मॉडेल, १८ हजार रनिंग, सिंगल हँड, नो लोन." मी फोन लावला आणि गाडीबद्दल विचारण्याऐवजी स्वतःबद्दलच सांगत बसलो. गुडघा, पाठ, मंडळी मागे बसणार, लांबचा प्रवास. तो "हो आबा, बरोबर आबा" करत सगळं ऐकत होता. डॉक्टरसुद्धा एवढं ऐकत नाही.

दोन दिवसांनी गेलो. गाडी धुऊनपुसून उभी. मागच्या सीटला नवीन टेकू, सीटवर जाडसर फोमचं नवं कव्हर, हँडल थोडं उचलून घेतलेलं. मी फोनवर जे जे बोललो होतो, ते सगळं त्या गाडीवर चढवलेलं होतं! त्या वेळी मात्र मला वाटलं, काय योग आहे, जणू माझ्यासाठीच केलेली गाडी. तो म्हणाला, "आबा, बठी तं देखा." बसलो. दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले. मंडळी मागे बसल्या, टेकूला पाठ लावली आणि म्हणाल्या, "बरी आहे हो." माझ्यापुरता सौदा तिथेच झाला. भावताव नुसता उपचार राहिला.

चालवूनही बघितली. किती? महामार्गाच्या गुळगुळीत सर्व्हिस रोडवर दीड-दोन किलोमीटर. तो मागे बसून अखंड बोलत होता, त्यामुळे इंजिनचा आवाज ऐकायचा राहिला. गाडी डावीकडे ओढत होती. विचारलं, तर म्हणाला, "हवा कमी असेल." परत आल्यावर त्याने लगेच हवा भरायला पोऱ्याला पिटाळलं, म्हणजे विषय मिटला. आणखी एक गोष्ट पुढे लक्षात आली. मी पोचलो तेव्हा इंजिन आधीच तापलेलं होतं. थंड गाडी सुरू करून बघितलीच नाही. पहिल्या स्टार्टला येणारा धूर आणि खडखड तापलेल्या गाडीत लपतात, हे मला कुणी नंतर सांगायला नको होतं, गावातल्या ट्रॅक्टरवर सगळं आयुष्य बघितलंय.

एक लाख पंधरा सांगितले, एक लाख आठ हजारांत तोडलं. वीस हजार फोनवरून पाठवले, अठ्ठ्याऐंशी हजार रोख दिले. रोख का? तो म्हणाला, "खात्यात मोठी रक्कम आली की लफडं होतं, आबा." मी पेन्शनर माणूस, पैसा सगळा पांढरा, मला कसलं लफडं? तरी दिले. आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणी कार्डाची, झेरॉक्स दिली, फक्त पुढच्या बाजूची. मूळ कार्ड "मालकाकडून कुरियरने येतंय." मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर माझ्या कोऱ्या सह्या घेतल्या. नाव ट्रान्सफर आठ दिवसांत. वर ढाब्यावर नेऊन शेवभाजी खाऊ घातली. तेवढी एक गोष्ट झणझणीत आणि अस्सल होती.

पहिली लांबची फेरी उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्याची. जाताना चोपड्यापर्यंत बरं होतं. पुढे अडावदकडच्या खाचखळग्यांत कळलं की पाय पुढे टाकून आरामात बसायची ही बैठक दिसते तशी नाही. पाय पुढे गेले की खड्डा आला तर पायांवर उठता येत नाही. सगळा दणका बसतो माकडहाडाला, तिथून कण्याला. वरचा मऊ फोम अर्ध्या तासात दबून फळी झाला. ज्यांची पाठ नाजूक आहे, त्यांना पावलं बरोबर खाली राहतील अशी बैठक बरी, हे मला पैसे मोजून कळलं. पण तो दोष माझ्या निवडीचा. खरा दोष पुढेच होता. परत येईपर्यंत गाडी डावीकडे जाऊ नये म्हणून उजवा हात सतत ताणून धरला, आणि रात्री बोटं बधिर.

सकाळी गावातल्या मिस्तरीकडे नेली. हा माणूस माझा जुना विद्यार्थी, सहावीत भागाकारात मार खायचा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि हसून म्हणाला, "गुरुजी, दात देखात का तुम्ही?"

मला आधी कळेना. त्याने मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन बसते ते दातेरी चाक, दाखवलं. दाते कोयत्यासारखे एका बाजूला वळून टोकदार झालेले. चेन मात्र नवीकोरी. म्हणजे जुन्या हिरड्यांवर नवी कवळी. अठरा हजार किलोमीटरमध्ये, जरा निगा ठेवली तर, दात असे होत नाहीत. मग त्याने एकेक दाखवायला सुरुवात केली. फूटरेस्टचं रबर नवं, पण ब्रेकचं पेडल घासून गुळगुळीत. मागच्या टायरवर तेलकट काळं पॉलिश, आणि बाजूला चार आकडे कोरलेले: ३२२१. २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातलं टायर. पुढच्या शॉकअपला तेल गळून पुसल्याच्या खुणा. टीच्या, म्हणजे हँडलखाली पुढचे शॉकअप धरून ठेवणाऱ्या जोडाच्या खाली, जिथे सहसा कुणी वाकून बघत नाही, तिथे काळा रंग ताजा. "टी वाकेल शे," तो म्हणाला. "कुठेतरी समोरून जोरात धडकली असेल."

माझे वडील बैल घ्यायला बाजाराला जायचे, तेव्हा मी सोबत असायचो. भाव उपरण्याखाली बोटांनी ठरायचा, पण त्याच्या आधी वडील बैलाचं तोंड उघडून दात मोजायचे. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे आले की जुळलेला. दलाल शपथा घेऊन सांगायचा, "चारच दाती आहे, दादा." वडील म्हणायचे, "तू गप, त्याला बोलू दे." मग बैलाला चालवायचे, बसवायचे, उठवायचे, चिखलातून न्यायचे. दलालाने आदल्या दिवशी धुऊन शिंगांना रंग लावलेला असे, त्याकडे वडील बघतही नसत. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारेही आधी तोंडच उघडतात. एवढं बघून वाढलेला मी, शिंगांचा रंग बघून गाडी घेऊन आलो.

मिस्तरीच्या सांगण्यावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. गाडीच्या नंबरावरून तिथे आधीच्या सर्व्हिसिंगची नोंद निघते. मार्च २०२२ची शेवटची नोंद: ६१,२७० किलोमीटर. माझ्या मीटरवर त्या दिवशी १८,९०० च्या आसपास. या गाडीचा किलोमीटरचा आकडा डिजिटल, त्यामुळे मागे घ्यायला काटे फिरवावे लागत नाहीत. मीटरच्या आतल्या चिपमधली नोंद बदलतात किंवा दुसऱ्या गाडीचं मीटर बसवून टाकतात. काउंटरवरची पोरगी स्क्रीन माझ्याकडे वळवून काही न बोलता उभी राहिली. मला वाटतं, तिने असे चेहरे बरेच बघितले असावेत.

त्याच संध्याकाळी पुतण्याने परिवहन खात्याचं एमपरिवहन ॲप उघडून नंबर टाकला. पाच मिनिटांचं काम, खरेदीच्या आधीचं. फायनान्सरच्या रकान्यात एका कंपनीचं नाव! जाहिरातीत "नो लोन". आरसीच्या मागच्या बाजूची झेरॉक्स का नव्हती, ते आता समजलं. कर्ज असलेल्या गाडीचं नाव बदलायचं तर सहसा आधी बोजा उतरावा लागतो. त्यासाठी फायनान्स कंपनीची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि त्यांच्या सहीचा फॉर्म ३५ पाहिजे. ते होईपर्यंत गाडी पुण्याच्या कुणा माणसाचीच. उद्या माझ्या हातून अपघात झाला तर भरपाईची नोटीस आधी त्या मालकाच्या दारात जाणार. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली हेच सांगितलंय की नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याच्या लेखी मालक. म्हणजे आपली जुनी गाडी विकणाऱ्यानेही सावध राहावं. त्या पुण्याच्या गृहस्थांचा नंबर शोधून काढला. तेही बिचारे चकित. त्यांनी गाडी २०२२ मध्येच एका एजंटाला दिली होती, हप्ते तो फेडणार होता म्हणे.

कन्सल्टिंगवाला आधी फोन उचलायचा, मग उचलेना, मग दुसराच माणूस म्हणू लागला की ते गावी गेलेत. मी समोर जाऊन बसलो. तो हसून म्हणाला, "आबा, तुम्ही स्वतः बसून, चालवून घेतली ना? मी काय जबरदस्ती केली?" याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. म्हणून लेखी तक्रार घेऊन गेलो. एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याने आरटीओचं अधिकारपत्र घ्यायचं असतं, आणि गाडी ताब्यात घेतल्याची खबरही द्यायची असते. असं अधिकारपत्र असलेल्याकडे गाडी असेल, तर ती त्याचीच मानतात आणि कागदांची जबाबदारीही त्याच्यावर येते. याच्याकडे मी कागद मागितला, तेव्हा भिंतीवरच्या लक्ष्मीच्या फोटोकडे बोट दाखवलं.

पोलिसात अर्ज दिला, आणि जिल्हा ग्राहक आयोगातही. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. वकील करायलाच हवा असंही नाही, पण मी केला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "गुरुजी, पुरावा काय?" वीस हजार फोनवरचे, ते दिसतात. अठ्ठ्याऐंशी हजार रोख, त्याला साक्षीदार फक्त आमची मंडळी आणि शेवभाजी. सुदैवाने ती जाहिरात मी फोनमधून पुसली नव्हती. "१८ हजार रनिंग, नो लोन" हे त्याच्याच नंबरवरून आलेलं वाक्य आणि सर्व्हिस सेंटरची छापील नोंद, एवढ्यावर आमची केस उभी आहे.

परिक्रमा यंदा राहिली. दुसरी गाडी बघतोय, पण घाई नाही. गेल्या महिन्यात पारोळ्याला एक बघितली. सकाळी सातला, आधी न सांगता गेलो, इंजिनवर हात ठेवला, गार होतं. फोनवर स्वतःच्या गुडघ्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मालकाने पाऊण तास चालवू दिली, खड्ड्यांच्या रस्त्यानेही. स्प्रॉकेट ठीक, कागद ठीक, पण पाठीला बसली नाही. सोडून दिली. मंडळी म्हणाल्या, "आता फारच चिकित्सा करता तुम्ही."

आयोगातली पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. ती गाडी गोठ्याच्या बाजूला ताडपत्रीखाली उभी असते. वकिलाने विकू नका, दुरुस्तही करू नका म्हणून सांगितलंय. दर रविवारी दहा मिनिटं सुरू करून ठेवतो, बॅटरी उतरू नये म्हणून. पहिल्या स्टार्टला निळा धूर येतो, दर वेळी दिसतो तसा, अगदी स्पष्ट.