पिंपल्स आईला आणि मुलाला, कारणं मात्र वेगवेगळी (दादरचं स्किन क्लिनिक)

आधी तक्रार सांगून टाकते. अपॉइंटमेंट साडेपाचची होती, आत गेलो सात वाजता. हाफ डे टाकून भांडुपहून पोराला घेऊन आलेले, बसायला चार खुर्च्या, एसी चालू की बंद तेच कळेना, आणि रिसेप्शनवरची मुलगी तेवढ्यात दोनदा पील ट्रीटमेंटचं पॅकेज सांगून गेली. मी म्हटलं अगं आधी डॉक्टरला तोंड तर दाखवू दे.

पण आत गेल्यावर मात्र मॅडमनी घड्याळाकडे बघितलं नाही.

फोनवरच सांगितलं होतं की चेहऱ्याला, केसांना जे जे लावता ते सगळं घेऊन या. मला वाटलं काय फालतूपणा, पण नेली पिशवी. मॅडमनी ती टेबलावर अख्खी रिकामी केली. पोराचा अक्रोडाचा स्क्रब, हेअर जेल, खोबरेल तेलाची बाटली, लिंबाचा फेसवॉश, माझी एक ट्यूब आणि कागदात गुंडाळलेलं जायफळ. (जायफळ सासूबाईंचं. सहाणेवर उगाळून लावायचं, त्यांच्या मते नातवाला नुसती उष्णता झालीय, सब्जा प्या आणि पोट साफ ठेवा.)

पोरगा सोळाचा. दिवसातून सहा वेळा तोंड धुणार, नाकावरचे काळे ठिपके घासघासून नाक लाल करणार. मॅडमनी त्याला कागदावर चित्र काढून समजावलं आणि मला म्हणाल्या तुम्हीपण बघा. वयात येताना अँड्रोजेन म्हणजे पुरुषी हार्मोन वाढतात, मुलींमध्येसुद्धा, त्याने तेलाच्या ग्रंथी मोठ्या होऊन जास्त तेल सोडतात, वर छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं, आत तेल साठतं, त्यात त्वचेवर एरवीच राहणारे बॅक्टेरिया वाढतात आणि मग सूज, लाली, पू. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नाहीच, बूच हवेला उघडं पडलं की काळं दिसतं. म्हणजे हा बिचारा गेलं वर्षभर जो मळ काढत होता तो मळ नव्हताच!! दोनदा साध्या फेसवॉशने धुवायचं, बस. स्क्रब तिथेच डस्टबिनमध्ये.

मग विचारलं कपाळावरच जास्त का रे? तर तेल आणि जेल, दोन्ही केसांतून कपाळावर उतरतं. हनुवटीवर? क्रिकेटचं हेल्मेट, घामाने ओला पट्टा तासन्‌तास घासतो. जिम लावलीयस का म्हटल्यावर साहेब गप्प, मग कळलं मित्राच्या डब्यातून व्हे प्रोटीन (दुधापासूनची पावडर) चालू आहे, मला पत्ता नाही. काही जणांना व्हे ने पिंपल्स वाढतात म्हणे. तळलेल्याला घरात सगळे शिव्या घालतात पण त्यापेक्षा साखर, कोल्ड्रिंक, मैदा यांच्याशी संबंध जास्त दिसतो, म्हणजे वडापावात वड्यापेक्षा पाव जास्त गुन्हेगार, हे ऐकून पोरगा जाम खूश.

आता माझं. वय एकोणचाळीस, मला कॉलेजमध्ये एक पुटकुळी नव्हती आणि आता जबड्याच्या कडेने पाळीच्या आधी आठवडाभर दुखरे फोड. हे मोठ्या बायकांमध्ये कॉमन आहे म्हणाल्या, हार्मोनचं चक्र असतं. पाळी नियमित आहे का, हनुवटीवर राठ केस येतात का, वजन अचानक वाढलं का, सगळं विचारलं. या प्रश्नांवरून पीसीओएसचा (बायकांमधला हार्मोन बिघडण्याचा त्रास) अंदाज घेतात आणि माझ्यात तसं काही दिसेना म्हणून सोनोग्राफी लिहिलीच नाही. याचे मार्क वेगळे.

पण गालावरचे बारीक, एकसारखे लाल दाणे कशाचे, तर ती ट्यूब! दोन वर्षांपूर्वी वांगासाठी घराजवळच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली, वांग फिकं झालं म्हणून मी लावतच राहिले. मॅडमनी मागचं बारीक अक्षर मलाच वाचायला लावलं. स्टेरॉइड. लावताय तोवर चेहरा छान, त्वचा आतून पातळ होत जाते, पुळ्या येतात, आणि बंद केलं की अजून भडकतं, म्हणून माणूस परत तीच ट्यूब आणतो. अगदी माझीच गोष्ट. एवढी शिकलेली बाई मी, दोन वर्षं मागचं लेबल वाचलं नाही.

औषधं मोजकीच. पोराला रात्री अडापलीन, मटारच्या दाण्याएवढं, अख्ख्या चेहऱ्याला, फक्त फोडावर नाही, आणि सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड. मला अझेलाइक अ‍ॅसिड आणि सनस्क्रीन. फरक पडायला दोन-तीन महिने लागतील, सुरुवातीला बिघडल्यासारखं वाटेल हे आधीच सांगितलं होतं म्हणून बरं, कारण ट्यूब बंद केल्यावर तीन आठवडे माझा चेहरा नुसता पेटला होता, लग्नाला मी मास्क लावून गेले. बेन्झॉइलने कापडाचा रंग उडतो हे मात्र सांगितलं नाही, माझा नवा निळा टॉवेल गेला.

आता अकरावा आठवडा. पोराचं कपाळ बरंच साफ, हनुवटी अजून रखडतेय कारण हेल्मेटचा पट्टा धुवायचा कंटाळा. माझे दाणे गेले, पाळीआधीचे एक-दोन फोड येतात अजून, वांगही थोडं परत दिसायला लागलंय, त्याबद्दल पुढच्या व्हिजिटला बोलायचंय.

फी हजार रुपये, फॉलोअपला सहाशे. लिफ्ट नाही, दुसरा मजला, म्हाताऱ्या माणसांना नेताना विचार करा. संध्याकाळपेक्षा सकाळची वेळ घ्या. खालच्या मेडिकलमध्ये चिठ्ठीत नसलेला महागडा फेसवॉश गळ्यात मारायला बघतात, घेऊ नका. आणि पिशवी भरून न्या, जायफळासकट.